बेगमीच्या दिवसांत सियागंज

पहिली शिंक आली तर अडवू नका. इंदूरच्या आजच्या सियागंज बाजारात, मिरचीच्या पोत्यांशेजारी, लोडिंग रिक्षा आणि स्कूटर यांच्या मधल्या वीतभर जागेत अंग चोरून उभे असाल, तर ती येणारच. डोळे गच्च मिटतील, मान खाली जाईल. मान वर कराल तेव्हा हॉर्न थांबलेले असतील आणि बैलांच्या गळ्यातले घुंगुर वाजत असतील. पायाखालचं डांबर गेलं. तिथे आता घोट्यापर्यंत मऊ काळी धूळ आहे, आणि ती चपलेच्या कडेवरून आत शिरली की तुम्ही बगळ्यासारखा एक पाय वर घेता, इतकी तापलेली. अंगावर धोतर आहे की लुगडं, ते तुमचं तुम्ही बघा. हातात एक चिठ्ठी आहे, काकांनी मोडीत लिहिलेली. तुम्हाला मोडी येत नाही, हे आत्याबाईंना सांगू नका. यादी त्यांनी निघताना तीनदा म्हणवून घेतली आहे, ती आठवा.

साल कुठलं म्हणाल, तर १९२० च्या अलीकडे-पलीकडे. होळकरांचं राज्य आहे. महिना मात्र नक्की सांगतो: ज्येष्ठ. मृग लागायला आठवडा आहे.

म्हणूनच ही झुंबड. मालव्याची काळी माती उन्हाळ्यात तडकते, एवढ्या भेगा पडतात की वासराचा पाय अडकावा. आणि पाऊस झाला की हीच माती अशी फुगते, अशी चिकटते, की बैलगाडी आसापर्यंत रुतून बसते. पुढचे चार महिने कच्च्या वाटेवरच्या गावाला बाजार बंद. तेव्हा मीठ, मिरची, तेल, हिंग, गूळ, काडेपेट्या, सगळं आत्ताच भरून ठेवायचं. बेगमी. देवास, धार, सांवेर, कुठून कुठून गाड्या आल्या आहेत आणि सगळ्यांना आजच, आत्ताच, दुपारच्या आत परत फिरायचं आहे. एका गाडीचं जू दुसऱ्या गाडीच्या चाकात अडकलंय. दोन्ही गाडीवान मालवीत एकमेकांचे पूर्वज काढताहेत. बैल शांत आहेत, त्यातला एक समोरच्या पोत्यातून गळलेले धणे चाटतोय.

बाजूला व्हा! बाजूला! हम्मालाला ‘जरा थांबा’ म्हणत नसतात. त्याच्या पाठीवर अडीच मणाचं पोतं आहे, मान वाकलेली, त्याला फक्त तुमचे पाय दिसताहेत. त्याचा घाम, तागाचा कुबट वास, बैलांचं मूत, तापलेलं तेल आणि या सगळ्यावर तरंगणारी लाल मिरचीची बारीक पूड. पहिल्या घटकेत घसा बंद होतो. दुसऱ्या घटकेला तुम्हीही इतरांसारखं तोंडावर उपरणं किंवा पदर धरता आणि डोळ्यांनी बोलायला शिकता. एका पेढीच्या पायरीवर टेका. पायरी काळ्या दगडाची आहे. बसायच्या आधी हात लावून बघा, नाहीतर भाकरी होईल. या दगडाकडे आपल्याला नंतर यायचं आहे.

आधी नाकाला कामाला लावू. डोळे मिटलेत तरी चालतील.

डावीकडचा हा उग्र, लसणीसारखा, जरा मेलेल्या उंदरासारखा वास कुठून येतोय? एका कातडी थैलीतून. शिवण उसवून आतला राळेसारखा तांबूस गोळा दाखवला जातोय. हा हिंग. कंदाहार-हेरातकडच्या, इराणच्या खोरासानातल्या उघड्याबोडक्या डोंगरउतारांवर गाजराच्या कुळातली एक वनस्पती उगवते. चार-पाच वर्षांचं झाड झालं की मुळाच्या डोक्याला कापा मारायचा, पाझरणारा चीक वाळवायचा, खरवडायचा, परत कापा. झाडाला थंडी हवी, कोरडी हवा हवी, पाऊस जवळजवळ नको. म्हणजे मालव्यात ज्याची लोक डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतात, नेमकं तेच त्याला सोसत नाही. हिमालय आणि हिंदुकुश पावसाचे ढग अडवून धरतात आणि पलीकडे एक थंड वाळवंट शिल्लक राहतं. त्या डोंगरांच्या पाठीमागचा कोरडेपणा तुमच्या आमटीत चिमूटभर पडतो. (तुम्ही जिथून आलात त्या काळातली एक गोष्ट पेढीवरच्या सेठजींना सांगू नका, हसतील: २०२० साली हिमाचलातल्या लाहौलमध्ये हिंगाची लागवड सुरू झाली. जागा निवडली तीही डोंगरामागची, थंड आणि कोरडीच.)

आत्याबाईंचं सोवळं कडक आहे. पण हिंग कातड्यात शिवून येतो हे त्या कधी विचारत नाहीत, आणि आपणही सांगायचं नाही.

थैलीचा मालक, तो काबुली, दिसत नाही ना? उशीर केलात. थंडीत यायला हवं होतं. थंडी पडली की हे लोक बोलन आणि खैबरच्या खिंडीतून खाली उतरतात, गावोगाव फिरतात, आणि हवा तापू लागली की परत वर, आपल्या डोंगरात. स्थलांतरी पक्ष्यांसारखं अगदी नाही, पण जवळपास तसंच. माल ठेवून गेलेत: बदाम, पिस्ते, जर्दाळू, मनुका. मुनीमजी मनुकांवर ओलं फडकं मारून माश्या हाकलतात. माश्या उठतात, शेजारच्या खजुराच्या करंडीवर बसतात. तो खजूर बसऱ्याचा, ताडपत्रीत दाबून बसवलेला, इतका चिकट की हात लावलात तर घरापर्यंत आठवण राहील.

“पधारो सा, पधारो.” सेठजींनी तुम्हाला पाहिलं. आत्याबाईंचं नाव सांगितलंत की मराठीही बोलतील. राजाची भाषा आहे, गिऱ्हाइकाची भाषा आहे, सियागंजात दोन्ही कामाच्या. गादीवर पांढरी चादर, पुढे उतरतं मेज, लाल बासनात वह्या. भिंतीला टेकून दोन दलाल बसलेत. त्यांचे हात एका रुमालाखाली आहेत आणि चेहरे अगदी कोरे. भाव चाललाय. बोटांनी. एकाने दुसऱ्याची दोन बोटं दाबली असतील, दुसऱ्याने ती सोडवून घेतली असतील. तुम्हाला काही कळणार नाही. कळू नये म्हणूनच रुमाल आहे.

आता म्हणा यादी.

साबुदाणा. आषाढी जवळ आलीय, पायलीभर तरी हवा. पण परखी पोत्यात खुपसून जे दाणे तुमच्या तळहातावर पडतील ते नीट बघा. हा तुमचा ओळखीचा साबुदाणा नव्हे. तुम्ही खाता तो सेलमकडचा, टॅपिओकाच्या कंदाचा. तो उद्योग तिकडे १९४० नंतर जोर धरणार आहे. हा सिंगापूरहून आलाय. मलाया-बोर्निओच्या दलदलीत एक ताडासारखं झाड असतं. दहा-पंधरा वर्षं ते खोडात पीठ साठवत राहतं, आयुष्यात एकदाच फुलून मरण्यासाठी. फुलोरा येण्याआधीच लोक ते आडवं करतात, खोडाचा गर किसतात, धुतात, पीठ काढतात. त्याचे हे मोती. म्हणजे विषुववृत्तावरच्या, सदा गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या जंगलाचा गाभा, आत्याबाईंच्या निर्जळी नसलेल्या एकादशीला.

तसं आज आपण सराफ्यात उभं राहून खातो ती खिचडी तरी कुठली? शेंगदाणा, बटाटा, मिरची, टॅपिओका: चौघेही अमेरिका खंडांतले. समुद्र ओलांडून आलेली ही मंडळी उपासाला चालतात आणि इथल्याच मातीतला गहू चालत नाही. धर्मशास्त्राशी वाद घालायची ही जागा नव्हे. पुढे चला.

सैंधव. गुलाबी झाक असलेला दगड. सेठजी लोखंडी ठोक्याने कपचा उडवतात, एक तुमच्या जिभेवर ठेवतात. पंजाबात खेवड्याच्या डोंगरातून आलंय. डोंगरात मीठ कसं, तर तिथे एके काळी समुद्र आटला होता, हिमालय उभा राहण्याच्याही कितीतरी कोटी वर्षं आधी. तुम्ही आत्ता तो समुद्र चाखलात. तोंड वाकडं करू नका, सेठजी बघताहेत. रोजच्या वापराचं मीठ निराळं, ते सांभरचं किंवा कच्छच्या रणाकडचं, ओलसर, करड्या रंगाचं. त्याचं पोतं पावसाळ्यात भिंतीला लावून ठेवलंत तर भिंत रडते.

लवंग. बचकभर घेऊन नाकाशी न्या. झांझिबार. तिथे फुलं उमलायच्या आत कळ्या खुडतात आणि चटयांवर उन्हात वाळवतात. मूळची ती तिथलीही नव्हे, पार पूर्वेकडच्या मोलुक्का बेटांवरची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसांनी तिला आफ्रिकेच्या काठावर नेऊन लावलं आणि ती अशी रुजली की आता जगाला लवंग म्हणजे झांझिबार. आणायचं काम वाऱ्याचं. हिवाळ्यात वारा एका दिशेने, पावसाळ्यात उलटा. अरबांची, कच्छ्यांची गलबतं त्याच्या पाठीवर बसून शेकडो वर्षं अशीच ये-जा करताहेत. आता आगबोटी आल्या, तरी गलबतं मोडीत निघालेली नाहीत.

कापूर म्हणालात? डबीचं झाकण उघडलं की मिरचीने जळलेलं नाक एकदम थंड. हा फॉर्मोसाचा, जपान्यांकडून येणारा. लाकडाच्या ढलप्या वाफवून काढलेला. आरतीत भपकन उजळून जातो तेव्हा एका दूरच्या बेटावरचं जंगल जळत असतं, हे त्या काळी कोणाच्या मनात येत असेल असं मला वाटत नाही. आपल्याही कुठे येतं?

मिरी, वेलदोडे, सुपारी, नारळ हे आपले, सह्याद्रीच्या ओल्या कुशीतले. त्यांची फार ओळख करून द्यायला नको. वेलदोड्याच्या पोत्याला मात्र एक मिनिट द्या. आत हात घाला, कोपरापर्यंत. बाहेर एवढं ऊन असून हिरव्या दाण्यांच्या पोटात गारवा आहे. सावलीत वाढलेलं झाड, त्याचं फळही सावली धरून राहतं, असं वाटतं. शास्त्रात बसत नसेल, पण हाताला ते तसंच लागतं.

आणि मोरस. पांढरी, दाणेदार साखर. मॉरिशसहून यायची म्हणून मोरस. जशी मिस्रची ती मिश्री आणि चीनची ती चिनी. आता पोत्यांत बऱ्याचदा जावाचा माल असतो, पण आत्याबाईंच्या तोंडी मोरसच. देवाच्या नैवेद्याला त्यांना ती चालत नाही, हाडांच्या कोळशाने शुभ्र करतात असं त्यांनी ऐकलंय. तेव्हा ती फक्त पाहुण्यांच्या चहाला.

पोतं धप्पकन पायरीवर येतं, आणि हे मात्र खरोखरच मॉरिशसचं. थांबा. इथेच, काळ्या दगडावर, मोरसच्या पोत्याशेजारी बसून एक गोष्ट ऐकायची आहे, कारण असा योग पुन्हा येणार नाही.

हा पायरीचा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून तो वाहिला, थरावर थर चढले, मालवा आणि महाराष्ट्राचा मोठा भाग त्याखाली गेला. तो झिजून काळी माती झाली, जिच्यात ओल महिनोन्‌महिने टिकते, आणि म्हणून पाट-पाण्याशिवाय मालव्यात गहू पिकतो. पण हे घडलं तेव्हा आपली भूमी इथे नव्हती. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात, एकटी उत्तरेकडे सरकत होती. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की तेव्हा तिच्या पोटाखाली जी भट्टी पेटली होती ती तिथेच राहिली आणि आपण पुढे निघून आलो. वरून सरकणाऱ्या समुद्रतळाला ती भट्टी भोकं पाडत राहिली. त्यातून आधी मालदीवच्या बाजूची डोंगररांग उभी राहिली, अगदी अलीकडे मॉरिशस, आणि आज ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगते आहे.

म्हणजे पोतं आणि पायरी, दोन्ही एका चुलीवरचे. साडेसहा कोटी वर्षांनी एका हम्मालाने त्यांची गाठ घालून दिली आणि तो खांदा चोळत विडी पेटवतोय.

पुढे आपली भूमी आशियाला धडकली, हिमालय उठला, त्याने पाऊस अलीकडे अडवला, पलीकडे हिंगाचं कोरडं रान ठेवलं. सेठजींच्या दुकानात हा सगळा हिशोब मांडलेला आहे. फक्त तो वहीत नाही, पोत्यांवर आहे.

“लाभ!” काट्यावरचा तुलावटी ओरडला. दचकू नका. पहिल्या मापाला तो ‘एक’ म्हणत नाही, लाभ म्हणतो. मग दोन, तीन. डोळे काट्यावर ठेवा, त्याच्या अंगठ्यावर ठेवा.

तहान लागली असेल. पखालीवाला आला आहे, ओंजळ धरा. पाण्याला कातड्याचा वास येतो, पण गार आहे. आणि जवळच्या खान नदीचं पाणी पिऊ नका. नदीकाठी काय काय टाकलंय ते वाऱ्याबरोबर इथवर कळतंच. काही वर्षांपूर्वी दरबाराने बोलावलेला एक दाढीवाला स्कॉटिश साहेब याच गल्लीबोळांतून हिंडायचा, पॅट्रिक गेडिस त्याचं नाव. माणूस वनस्पतिशास्त्राचा, ध्यास शहरांचा. त्याने दिवाळीत भली मोठी मिरवणूक काढली, जो रस्ता स्वच्छ असेल तिथूनच ती जाणार म्हणून दवंडी पिटवली, आणि शेवटी प्लेगच्या राक्षसी उंदराचं दहन केलं. आपापला रस्ता झाडायला सगळं शहर लागलं. १९१८ च्या त्याच्या अहवालापेक्षा लोकांच्या लक्षात तो उंदीरच राहिला असणार. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एका नदीच्या खोऱ्यात कुठे लाकूडतोड्या, कुठे धनगर, कुठे शेतकरी, कुठे कोळी, असा खोऱ्याचा आडवा छेद काढून माणसाचं जगणं समजून घ्यायचं, ही त्याची आवडती कल्पना. सियागंजात त्याला अख्खा छेद एकाच आळीत उभा दिसला असता, तोही भावासकट.

स्टेशनाकडून शिटी. खंडव्याची गाडी. नर्मदा ओलांडून, काळाकुंडापासून पाताळपाणीपर्यंतचा घाट धापा टाकत चढून, महू मागे टाकून ती आत्ता आत येते आहे. छोटी गाडी, मीटर गेज. महाराजांनी रेल्वेला एक कोटी रुपयांचं कर्ज १०१ वर्षांच्या मुदतीने दिलं तेव्हा कुठे ती इंदुरात आली. मुंबईची पोती खंडव्यात मोठ्या गाडीतून उतरवून हिच्यात भरायची, म्हणजे प्रत्येक लवंगेने एक जादा हम्माल पाहिलेला असतो. पण आज स्टेशनावरून मालाआधी बातमी पळत आली. एक पोरगा, उघडा, घामाने चकाकणारा, गल्लीत ओरडत सुटलाय: घाटात ढग! घाटात ढग!

आता बघा बाजार. रुमालाखालचे हात बाहेर आले. गोणपाटं, ताडपत्र्या, जुनी धोतरं, जे हाताला लागेल ते पोत्यांवर चढतंय. गूळ आधी, गूळ आत! मीठ उचला! गाडीवान भांडण अर्धवट सोडून चाकं मोकळी करताहेत. सेठजी, ज्यांना तुम्ही इतका वेळ मांडी बदलताना पाहिलं नव्हतं, ते धोतर खोचून स्वतः साखरेच्या पोत्याला खांदा देताहेत. वारा पडला. मिरचीची पूड हवेत होती ती खाली बसली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तुम्ही छातीभर श्वास घेतलात.

मग तो वास आला. तापलेल्या काळ्या मातीवर पहिला टपोरा थेंब. सगळ्या पोत्यांतला सगळा आशिया एका क्षणात मागे हटला.

दोन घटका नुसता पाण्याचा पडदा. तुम्ही पागोळीखाली, एका बाजूला बोहरी व्यापारी, दुसऱ्या बाजूला बैल. पायऱ्यांवरून काळं, हळद-मिरचीचे पिवळे-तांबडे ओघळ मिसळलेलं पाणी खानकडे निघालं आहे. त्याला बराच प्रवास आहे: क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा, मग बंगालचा उपसागर. याच ढगाने महूच्या पुढे, घाटाच्या कडेला जे पाणी टाकलं ते चोरल नदीतून नर्मदेत गेलं, म्हणजे अरबी समुद्रात. मधे बैलगाडीची एका दिवसाची वाट. त्या हम्मालाला हे माहीत आहे, बरं का. त्याचं सासर घाटाखाली आहे. “इधर का पानी उल्टा जाता है,” म्हणाला आणि पोत्यावर पाय पसरून बसला.

उघडीप झाली की निघा. रस्ता आता रस्ता राहिलेला नाही. चपला हातात घ्या, प्रत्येक पाऊल पुच् करून उपटावं लागेल. पण हवा बघा कशी झाली आहे! भर ज्येष्ठात अंगावर शहारा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, रात्री इथे वारा सुटतो, लोक गच्चीवर गोधडी मागतात. त्या रात्रीला शब-ए-मालवा म्हणतात. तुम्हाला मात्र आज गच्ची नाही, पावसाने ओली आहे.

दारातच आत्याबाई. आधी पाय धुवायला लावतात, मग चिठ्ठी मागतात. एकेक पुडी सोडून बघतात, साबुदाणा दाताखाली घालतात, लवंगेचं बोंड नखाने चिरडतात, सैंधवाला मान हलवतात. शेवटी हिंग. तीन फडक्यांत बांधलेला, तरी अख्ख्या माजघराला कळलंय की तो आला. त्या वाटीत पाणी घेतात, कणभर चुरून टाकतात. पाणी दुधासारखं पांढरं व्हायला हवं. आपण सगळे वाटीवर ओणवे. पाणी जरासं गढूळ होतं आणि तळाशी पिठूळ थर बसतो.

“मैदा घातलाय मेल्याने,” आत्याबाई म्हणतात. “हिरा हिंग सांग म्हटलं होतं ना? उद्या सकाळी परत जा.”

बाहेर पुन्हा धो-धो सुरू झालाय.